हरलेल्या घरची चूल

आपली टीम हरली की मला भूक लागते. लोक हसतात, पण खरंच लागते. शेवटची विकेट पडते, घरात सगळे तोंडं पाडून बसतात, नवरा रिमोट सोफ्यावर आपटतो, आणि मी मुकाट्याने उठून किचनमध्ये जाते नि डब्यांची झाकणं उघडून बघायला लागते. माझी लेक चिडते. "मम्मा, हाउ कॅन यू ईट राइट नाउ?" अबू धाबीतल्या खलिफा सिटीत वाढलेली पोर, तिला काय सांगणार? तिच्या लेखी मॅच हरणं म्हणजे मूड जाणं, दुसरं काही नाही. माझ्या लहानपणी तिकडच्याच अल ऐनला मॅच हरणं म्हणजे समोरच्या दारातून येणारा चण्याच्या डाळीचा आणि गरम तंदुरी रोटीचा वास होता. जिभेला लागलेली सवय आहे ती, पन्नाशी आली तरी जात नाही.

बाबा तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. पाइप, व्हॉल्व्ह, नट-बोल्ट यांच्यातच त्यांचा दिवस जायचा. कंपनीने आम्हाला जो फ्लॅट दिला ती तीन मजली बिल्डिंग तळापासून गच्चीपर्यंत पाकिस्तानी होती. खाली एका पठाणाची बेकरी, शेजारी मुलतानचा टेलर, पहिल्या मजल्यावर टॅक्सी चालवणारे सख्खे-चुलत भाऊ, आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही, साताऱ्याचे जोशी. कोपऱ्यावरचा मल्याळी ग्रोसरीवाला तेवढा आपला म्हणावा, तर त्याला क्रिकेटचं काडीचं कौतुक नव्हतं. मी मोठ्या आशेने स्कोअर विचारायला गेले की तो म्हणायचा, "क्रिकेट नो, मोळे. फुटबॉल ओन्ली." मोळे म्हणजे त्याच्या भाषेत पोरी. आईने पहिल्याच आठवड्यात बाबांना विचारलं होतं, "अहो, अख्ख्या अल ऐनमध्ये तुम्हाला हीच बिल्डिंग सापडली का?" बाबा म्हणाले, "घर कंपनी देते, शेजार देव देतो. मी काय करू?" त्यात देवाचा हात किती होता ते आम्हाला पुढे कळायचं होतं.

शुक्रवारी शारजात मॅच असली की त्या बिल्डिंगमध्ये राहणं म्हणजे काय, ते राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी मॅच सुरू व्हायची. दुपारी जुम्याच्या नमाजाला सगळे पुरुष पांढरे कपडे घालून खाली उतरायचे तेवढ्यापुरती शांतता, की पुन्हा आपला जिन्यात कल्ला. खिडकीतला एसी घरघर करत असायचा, दारं बंद असायची, तरी भिंतींतून सगळं ऐकू यायचं. आमची विकेट पडली की अख्खी बिल्डिंग ओरडायची. टेलर हातातली कात्री टेबलावर आपटायचा, पठाण बेकरीच्या दारात येऊन शिट्टी मारायचा. आमच्या बॅट्समनने चौका मारला की चिडीचूप, जणू कोणी राहतच नाही तिथे. मी मोरीत असले तरी मला स्कोअर कळायचा. दुसऱ्या कोणत्या घरात पोरं अशी शत्रूच्या आवाजावरून मॅच बघायला शिकली असतील, मला ठाऊक नाही. मी शिकले, आणि शाळेत त्याची फुशारकीही मारली.

आमच्या बरोब्बर समोरचं दार मलिकसाहेबांचं. मलिकसाहेब सियालकोटचे, सनायात, म्हणजे गॅरेजांच्या भागात, त्यांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. दाढी मेंदीने लाल, पोट पुढे, आणि आवाज असा की कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर जावा. त्यांची बायको नसीमखाला. पाहिल्यावर वाटायचं बाई रागीट आहे, आणि होतीच, पण तिचा राग भरपूर वाढून, पोटभर खाऊ घालून निघायचा. त्यांची सायमा माझ्याच वयाची, आणि धाकटा बिलाल, सतत नाक ओढणारा. गच्चीवर डिश फक्त मलिकसाहेबांची होती. आम्ही राहायला गेलो त्याच महिन्यात त्यांनी वरून एक वायर सोडली आणि आमच्या खिडकीतून आत घेऊन टीव्हीला जोडून दिली. बाबा नको-नको म्हणत होते. मलिकसाहेब म्हणाले, "भाईसाब, दुश्मन मॅच न देखे तो हम हराएँगे किसको?" बाबांना हसू आवरेना, आणि तिथून दोघांचं सूत जुळलं.

आता चुलीचं सांगते. आम्ही गेल्यानंतरची पहिली मोठी मॅच आम्ही सपशेल हरलो. बाबांचं क्रिकेट म्हणजे दुखणंच होतं. ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले, आईचं डोकं उठलं, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरी स्वयंपाक झालाच नाही. मी केळं खाऊन जिन्यात बसले होते. सायमाने विचारलं काय जेवलीस, मी म्हटलं काही नाही, बाबा हरलेत. ती आत गेली नि थोड्या वेळाने नसीमखाला स्वतः दारात उभी, हातात झाकलेलं पातेलं. आई ओशाळली. खाला म्हणाली, "हमारे यहाँ जिस घर में मौत हो जाए उस घर में चूल्हा नहीं जलता, बहन. खाना पड़ोसी लाते हैं. भाईसाब की शक्ल देखी मैंने, आज तो मय्यत ही है." आता आमच्याकडेही तेच की! सुतकात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. पण म्हणून कोणी क्रिकेटचं सुतक पाळतं होय? "अहो, जिवंतपणी कसलं अभद्र!" असं आई म्हणाली खरी, पण हसून-हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे महिन्याभराने आम्ही जिंकलो तर तिनेच पुऱ्या तळल्या आणि समोर नेऊन दिल्या. मलिकसाहेबांनी दारातच कायदा जाहीर केला, की आजपासून हरलेल्या घरात चूल पेटणार नाही, जिंकलेल्या घराने जेवण पाठवायचं, खलास.

त्या वर्षांत शारजात आम्ही जिंकायचो कमी आणि हरायचो जास्त, त्यामुळे मी नसीमखालाच्या हातचं इतकं जेवले आहे की बोलायची सोय नाही. आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा घरात येत नसे. खालाने न विचारता, न सांगता आमच्यासाठी एक वेगळं पातेलं आणलं, पांढऱ्या इनॅमलचं, निळ्या काठाचं. त्याची पळी वेगळी, झाकण वेगळं, आणि ते वरच्या फडताळात एकटं ठेवायचं. बिलालने एकदा त्यात उकडलेली अंडी ठेवली तर तिने त्याला चपलेने बडवलं, आणि पातेलं राखेने नि लिंबाने घासघासून पुन्हा शुद्ध केलं. राख कुठून आणली असेल अल ऐनमध्ये? पठाणाच्या भट्टीतून. त्या पातेल्यात कधी चण्याची डाळ यायची, कधी आलू-मेथी, कधी भज्यांची कढी, आणि मोठा विजय असला की जर्दा, केशरी भात, वर मनुका पेरलेल्या. आमची पाळी क्वचित यायची, पण आली की आई कंबर कसायची. पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी आणि श्रीखंड. चक्का बांधायला वेळ कुणाला? तिथलं लबने, म्हणजे पाणी काढलेलं दही, आयतं घट्ट मिळायचं, त्यात साखर-वेलदोडा घोटला की झालं. मलिकसाहेब म्हणायचे, तुमच्या जिंकण्याचं दुःख होतं पण त्या सफेद हलव्यामुळे सोसतं.

हरण्याचं खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटायचं. मॅचच्या दिवशी मी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभी राहायची. देव्हारा म्हणजे किचनमधल्या कपाटाचा एक खण. डोळे घट्ट मिटून गणपतीला साकडं घालायची, की आज जिंकू दे. आणि आम्ही हरायचो. हे इतक्यांदा झालं की बाबाच म्हणायला लागले, "अनु, आज तू काही मागू नकोस गं बाई." सायमाने ते समोर जाऊन सांगितलं. मग काय, मलिकसाहेबांना आयतंच कोलीत मिळालं. जिन्यात गाठून मला म्हणायचे, "अनु बेटा, तू बस इंडिया के लिए दुआ करती रह. बाकी काम हमारे लड़के कर लेंगे." मी पाय आपटत निघून जायची. आत जाऊन रडायचीसुद्धा, पण दार नीट लावून घेऊन मगच. त्या बिल्डिंगमध्ये रडताना दिसणं परवडणारं नव्हतं.

हे सगळं खेळण्या-खाण्याचं वाटत असेल, पण आमचं त्या दारावाचून पान हलत नव्हतं. बाबांना कंपनी मधूनच रुवैसला पाठवायची, रिफायनरीच्या कामावर. आठवडेच्या आठवडे ते तिकडे. आईला गाडी चालवता येत नव्हती, इंग्रजी जेमतेम, अरबी शून्य, आणि तेव्हा अल ऐनमध्ये गाडीवाचून माणूस घरात कोंडलेला. एकदा बाबा नसताना मला ताप चढला. मी बरळायला लागले. आईने समोरचं दार ठोठावलं तर मलिकसाहेब तोंडाला साबण लागलेला तसाच पुसत बाहेर आले, मला खांद्यावर टाकलं नि गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये तिथल्या माणसाने विचारलं, मुलीचे कोण? ते म्हणाले, "चाचा." मी बरी होईपर्यंत नसीमखाला माझ्या कॉटच्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती आणि सगळा वेळ नर्सच्या चुका काढत होती. बाबा रुवैसहून आले तेव्हा त्यांना आभार मानता येईनात. ते मलिकसाहेबांचा हात धरून नुसते उभे राहिले.

आणि अशा माणसांशी आमचं बिनसलं. बिनसलं काय, आम्ही बिनसवलं. दुबईला बाबांचे एक मावसभाऊ होते, चांगल्या हुद्द्यावर. ते एका शुक्रवारी मॅच बघायला म्हणून आमच्याकडे आले. सिल्कचा शर्ट, बोटांत अंगठ्या, आणि बोलताना मधूनमधून "आपल्यासारख्यांनी" हा शब्द. मॅच आम्ही हरलो. नेहमीप्रमाणे दार वाजलं, खाला पातेलं घेऊन उभी. आई पुढे झाली तोच काका सोफ्यावरून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, हे घरात घेता तुम्ही? यांच्या घरचं? आणि खाता? अहो, साताऱ्याला कळलं तर काय म्हणतील!" मराठी होतं, पण "घर" आणि "खाणं" कळायला सियालकोटच्या बाईला दुभाष्या लागत नाही. शिवाय त्यांनी नाकाशी धरलेला रुमाल होताच. खालाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने बाबांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. एक शब्द बोलले नाहीत. पाहुणा घरात, वयाने मोठा, त्याला कसं तोडून बोलायचं, हेच त्यांच्या डोक्यात. आई म्हणाली, "द्या ना बहन, द्या इकडे," पण खालाने पातेलं मागे ओढलं, पदरासारखी ओढणी त्यावर घेतली आणि आपल्या घरात गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं. तेच मला जास्त लागलं.

मला विचाराल तर त्या काकांचा मला आजही राग येतो, आणि तो गेला नाही तरी चालेल. पण खरा घोटाळा पुढे झाला. चुकलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी उठून समोरच्या दारावर टकटक केली असती तर विषय मिटला असता. बाबा तसे सरळ माणूस, पण शरमेने माणूस वाकडा होतो. आधी म्हणाले, उद्या जातो. मग म्हणाले, जुम्याला जातो. मग म्हणायला लागले, "त्यांनीही समजून घ्यायला हवं होतं, पाहुणा होता तो." शेवटी एके दिवशी उठून त्यांनी टीव्हीच्या मागची वायर उपटली. "उपकाराचा टीव्ही नको." आई म्हणाली, "उपकार त्यांनी केले, राग तुम्हाला? हा कुठला न्याय?" ती वायर आमच्या खिडकीबाहेर लोंबकळत राहिली, वारा आला की काचेवर टिकटिक वाजायची. मलिकसाहेबांनी वरून ती कापली नाही. जिन्यात दिसले तर ते "सलाम" म्हणायचे, बाबा "सलाम" म्हणायचे, आणि दोघंही किल्ल्या शोधायला लागायचे. सायमा आणि मी गच्चीवर भेटायचो, पण दोघींनाही घरचं बोलता येईना. मैत्री होती तीच, पण पाहुण्यासारखी झाली. घराला घरपण राहिलं नव्हतं, मला जेवण जात नव्हतं. आणि वर बातमी आली की बाबांना रुवैसला लांब मुदतीसाठी जायचंय.  आई भाजी निवडता-निवडता एकदाच म्हणाली, "आता रात्री-अपरात्री काही झालं तर मी कुणाचं दार वाजवू?"

बाबा जायच्या आधीचा तो शुक्रवार. शारजात पुन्हा मॅच, पुन्हा हेच दोघे. घरात रेडिओ, तोही खरखरणारा. मी सकाळी अंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. मनात सगळं तयार होतं. माझा साधा हिशोब होता. आम्ही हरलो तर नियमाप्रमाणे पाठवायची पाळी त्यांची. ते पातेलं पाठवतील, निदान सायमाच्या हातून, आणि दार उघडेल. आम्ही जिंकलो तर पाठवायची पाळी आमची, आणि बाबा काही उठणार नाहीत, म्हणजे दार कायमचं बंद. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा गणपतीला म्हटलं, देवा, आज आपल्याला हरव. चांगलं सपाटून हरव. आई मागून म्हणाली, "नीट माग हो, मोठी मॅच आहे." मी म्हटलं, "नीटच मागितलंय." माझे कान गरम झाले होते.

आमची बॅटिंग झाली, रन बरे झाले. दुपारनंतर ते खेळायला आले. पहिल्या तासात बिल्डिंग नुसती गाजत होती. टेलरची कात्री, पठाणाची शिट्टी, जिन्यातून धावणारी पोरं, आणि समोरच्या दाराआडून मलिकसाहेबांचा "ओए शाबाश!" त्या प्रत्येक आरोळीला माझा जीव सुखावत होता, मी गॅलरीत उभी राहून मनात म्हणत होते, अजून ओरडा. बाबा रेडिओला कान लावून बसले होते, त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मग केव्हातरी एक आरोळी अर्ध्यातच तुटली. नंतर "अरे यार" असा लांबलचक सूर. मग कात्री वाजेना. शिट्टी वाजेना. मला त्या बिल्डिंगची शांतता पाठ होती आणि आता ती एकेका मजल्यावरून वर चढत होती. मी मनात म्हटलं, नाही, नाही, मारा ना रे कोणीतरी एखादा छक्का! मारतंय कोण? सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली, खाली टेलरने शटर ओढल्याचा आवाज आला, आणि बाबा रेडिओ बंद करून म्हणाले, "जिंकलो." नळाचं पाणी गेलं हे सांगावं तशा आवाजात म्हणाले. एरवी हा माणूस सोफ्यावर उभा राहून नाचायचा. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि भडभडून रडले.

बाहेर आले तर आईने परात काढलेली, कणीक भिजवत होती. बाबा किचनच्या दारात उभे. "हे काय करतेस?" "पुऱ्या." "कुणाला?" "हरलेल्या घराला."  बाबा हळूच म्हणाले, "आणि घेतलं नाही त्यांनी तर?" आईने हात थांबवला नाही. "न घेतलं तर परत आणीन. त्या बाईनेही आपल्या दारातून भरलेलं पातेलं परत नेलं, ती काय मेली? नियम दोघांनी मिळून केलाय, पाळायचं आपल्याकडे आलंय. त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात, तुमच्याकडे बघून मीही बसले. आज मी बसायची नाही." माझ्या आईने बाबांना असं कधी ऐकवलं नव्हतं.  बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पाट ओढला नि पुऱ्या लाटायला बसले. एक पुरी गोल येईल तर शपथ. आईने तशाच तळल्या. मी लबने घोटलं, वेलदोडा कुटला. घरात कितीतरी दिवसांनी स्वयंपाक झाल्यासारखं वाटलं.

पुऱ्यांचा डबा आईकडे, श्रीखंडाचं भांडं माझ्याकडे, आणि भाजीचं जड पातेलं बाबांनी स्वतः उचललं. पलीकडे जायला तो जिन्याचा एवढासा चौथरा, पण मला तो ओलांडवेना. बाबांनी कोपराने दार वाजवलं. मलिकसाहेबांनी उघडलं. बाबांनी काहीतरी ठरवून आणलं होतं, "मलिकसाब, उस दिन मैं..." एवढं म्हणाले आणि हातातलं पातेलंच पुढे केलं. मलिकसाहेबांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि मागे वळून केवढ्याने तरी ओरडले, "नसीम, आ गए! कहा था ना मैंने? आ गए!" मग बाबांकडे बघून म्हणाले, "भाईसाब, इतनी देर? बच्चे कब से भूखे बैठे हैं."

मी आत पाहिलं. खाली जमिनीवर दस्तरखान अंथरलेलं होतं, फुलाफुलांचं, शुक्रवारचं. त्यावर ताटल्या पालथ्या मांडून ठेवलेल्या, पाण्याचा जग, पेले, आणि बिलाल ताटलीपुढे बसून नाक ओढत होता. त्या घरात त्या वेळेला कांदा परतल्याचा वास नाही असं सहसा होत नसे. आज काही म्हणजे काही शिजलं नव्हतं. शेगडी घासूनपुसून कोरडी ठेवली होती. हरलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी पेटवली नव्हती. ज्या माणसाने महिनोन् महिने साधी मान वर केली नव्हती त्याच्या घरून जेवण येईल, या भरवशावर ती माणसं उपाशी बसली होती. आणि ताटल्या चार नव्हत्या, सात होत्या. आमच्यासकट.

खाला किचनमधून आली. हातात ते निळ्या काठाचं पांढरं पातेलं. ते तिने आईपुढे ठेवलं. "भाजी इसमें निकाल लो. इसमें तब से कुछ नहीं पका." मग ती बाबांकडे वळली, आणि मी सांगते, ती रागावलेली होती आणि तिने ते लपवलं नाही. "वो तो मेहमान था, पराया था, उसका मुझे क्या गम? पर तुम तो मेरे भाई थे. तुम क्यों चुप रहे?" बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. ते हात जोडून म्हणाले, "गलती हो गई, बहन." खालाने डोळे पुसले, आणि बाबांना खांद्याला धरून खाली बसवलं. पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पियो." ते घटाघट प्यायले. तिने पुन्हा भरून दिला.

मग ताटल्या सुलट्या झाल्या, पुऱ्या फिरल्या, बिलालने श्रीखंडात बोट घातलं, फटका खाल्ला. मलिकसाहेबांनी एक वाकडी पुरी वर धरून विचारलं, हा कुठल्या देशाचा नकाशा आहे, आणि आईने बाबांकडे बोट दाखवलं. सगळे हसत होते आणि मी मात्र मान खाली घालून बसले होते. सायमाने मला ढोसलं. मलिकसाहेबांचं लक्ष गेलं. "ओए, आज तो तेरी टीम जीती है! मुँह क्यों लटका है? दुआ कबूल हो गई तेरी, मुबारक हो." आणि मला हुंदका फुटला. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मी इंडियासाठी मागितलंच नव्हतं, मी तुमच्यासाठी मागितलं होतं, मी देवाला म्हटलं होतं आम्हाला हरव, म्हणजे खालाचं पातेलं येईल.

 आई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आणि मग मलिकसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले, "या अल्लाह! तभी तो हम हारे!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. खालाने मला जवळ ओढलं, ओढणीने माझं नाक पुसलं, माझ्या ताटलीत गरम पुरी टाकली आणि म्हणाली, "खा ले, गद्दार."